उत्पत्तीचे सहा दिवस आणि दहावीचा पहिला धडा

आपल्या पत्रातील प्रश्न इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात मांडतो. आपण ऐरोलीला राहता. मुलगी दहावीत आहे आणि राज्य मंडळाच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात तिला पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे. रविवारच्या शाळेतील शिक्षिकेने तिला सांगितले की, पृथ्वी सहा हजार वर्षांची आहे आणि उत्क्रांती मानणाऱ्याला बायबल मानता येत नाही. घरी तिच्या काकांनी मधला मार्ग काढला: बायबलचे पहिले पुस्तक ‘उत्पत्ती’ यात देव सहा दिवसांत जग घडवतो, त्यातील एकेक दिवस म्हणजे एकेक युग, तेव्हा विज्ञानाने आज शोधले ते पवित्र शास्त्रात आधीपासूनच होते. त्यातच वर्गातील एका मैत्रिणीने तिला विचारले की, ‘पृथ्वी सत्तेखाली आणा’ असे तुमच्याच ग्रंथात लिहिले आहे, मग खाडीत भराव टाकणाऱ्यांना नावे कशाला ठेवता? या तिघांपैकी कोणाचे खरे मानावे आणि मुलीला काय सांगावे, असे आपण विचारले आहे.

मी ठाण्यातील एका महाविद्यालयात सत्तावीस वर्षे भूशास्त्र शिकवले आणि त्यातील बरीच वर्षे चर्चमध्ये धर्मशिक्षण देणाऱ्या शिक्षकांचे वर्गही घेतले, त्यामुळे हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी अनेकदा विचारला गेला आहे. शिक्षिकेचे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही, हे प्रथमच स्पष्ट करतो. मात्र काकांचे म्हणणे मला त्याहून फारसे कमी धोक्याचे वाटत नाही, आणि मैत्रिणीचा प्रश्न तर तिघांत सर्वांत गंभीर आहे.

पृथ्वीच्या वयाचा पुरावा शोधायला आपल्याला लांब जावे लागत नाही. ऐरोलीच्या पाठीशी उभा असलेला पारसिकचा डोंगर आणि ठाण्याच्या माथ्यावरील येऊरच्या टेकड्या काळ्या पाषाणाच्या, म्हणजे बेसाल्टच्या आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून पुनःपुन्हा उसळलेल्या लाव्ह्याचा हा खडक आजही दख्खनचा सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापून आहे. माळशेज घाटातून कधी गेलात तर कड्यांमध्ये लाव्ह्याचे थर पायऱ्यांसारखे एकावर एक बसलेले दिसतील. सह्याद्रीत काही ठिकाणी अशा दोन थरांच्या मध्ये लालसर मातीचा पट्टाही आढळतो. वरळीच्या टेकडीत तर दोन थरांच्या मधल्या गाळाच्या खडकात चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म सापडले आणि रिचर्ड ओवेन या इंग्लिश शास्त्रज्ञाने १८४७ मध्ये त्यांचे वर्णन केले. एक थर थंड झाला, त्यावर पाणी साचले, पाण्यात गाळ बसला, बेडकांच्या पिढ्या जगल्या आणि मेल्या, आणि त्यानंतर पुढचा लाव्हा आला, एवढा सगळा अवधी त्या एका पट्ट्यात मावलेला आहे. खडकातील किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या ऱ्हासावरून केलेले वयमापन याच निष्कर्षाला आकडा देते. पृथ्वीचे वय त्याच पद्धतीने सुमारे ४५४ कोटी वर्षे ठरते. एका पद्धतीत चूक निघेल असे मानले, तरी एकमेकींशी संबंध नसलेल्या अनेक पद्धती एकाच उत्तरापाशी येऊन थांबतात, याला काही अर्थ आहे.

मग सहा हजार हा आकडा आला कोठून? बायबलमध्ये तो कोठेही लिहिलेला नाही. आयर्लंडमधील आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये जुन्या करारातील वंशावळ्या आणि प्राचीन राजांच्या कालगणना यांची सांगड घालून जगाची निर्मिती इसवी सनापूर्वी ४००४ मध्ये झाली असा हिशेब केला. त्या काळाच्या मानाने ते काम विद्वत्तेचे होते आणि त्यांची थट्टा करण्याचे मला काहीच कारण दिसत नाही. घोटाळा पुढे झाला. १७०१ पासून इंग्रजी बायबलच्या समासात त्यांची सालवारी छापली जाऊ लागली आणि पिढ्यान्‌पिढ्या वाचकांनी समासातील आकडा मजकुराइतकाच पवित्र मानला. आपल्या मुलीच्या शिक्षिकेने जे सांगितले ते शास्त्रवचन नसून समासातील टीप आहे.

जुने लोक सगळे सहा दिवस अक्षरशः धरत होते आणि डार्विन आल्यावर ख्रिस्ती लोकांनी घाईघाईने अर्थ बदलला, असा एक समज आहे. तोही खरा नाही. तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती भाष्यकारांनी विचारले होते की, सूर्य चौथ्या दिवशी निर्माण झाला तर पहिले तीन दिवस, त्यांची सकाळ आणि संध्याकाळ, कोणता शहाणा माणूस शब्दशः घेईल? संत ऑगस्टीन यांनी पाचव्या शतकाच्या आरंभी उत्पत्तीवर मोठे भाष्य लिहिले. देवाने सर्व काही एकदम निर्माण केले, जणू बीजरूपाने, आणि ती बीजे आपापल्या वेळी उमलत गेली, अशी त्यांची मांडणी होती. त्याच भाष्यात त्यांनी बजावले आहे की, आकाश, तारे आणि प्राणी यांविषयी अभ्यासकाला अनुभवाने माहीत असलेल्या गोष्टींत ख्रिस्ती माणूस पवित्र शास्त्राचा हवाला देऊन काहीतरी भलतेच बोलू लागला, तर ऐकणारा हसेल आणि पुनरुत्थानासारख्या गोष्टीतही त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही. हे डार्विनच्या सुमारे साडेचौदाशे वर्षे आधीचे आहे. ऑगस्टीन यांना उत्क्रांती ठाऊक होती असे मी मुळीच म्हणत नाही, तसे म्हटले तर मी काकांच्याच वाटेने जाईन.

कोवळ्या पृथ्वीचा आजचा आग्रह त्या मानाने नवा आहे. त्याची मुळे विसाव्या शतकातील अमेरिकेत आहेत, त्याला खरा जोर १९६१ नंतर आला, आणि तिकडची पुस्तके व चित्रफिती यांच्या द्वारे तो आपल्याकडील काही ख्रिस्ती मंडळ्यांत पोहोचला. कॅथलिक चर्चची अधिकृत भूमिका तशी नाही. पोप बारावे पायस यांनी १९५० मध्ये मानवी शरीराच्या उत्क्रांतीचा अभ्यास करण्यास मोकळीक दिली, दुसरे जॉन पॉल यांनी १९९६ मध्ये उत्क्रांतीचा सिद्धांत हा नुसत्या तर्कापेक्षा अधिक आहे असे म्हटले, आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१४ मध्ये देव म्हणजे छडी फिरवणारा जादूगार नव्हे असे स्पष्ट केले. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत एकच एक अधिकारपीठ नसल्यामुळे मते विभागलेली आहेत, तरी मुख्य प्रवाहातील अनेक मंडळ्यांना उत्क्रांतीची अडचण वाटत नाही. तेव्हा ‘ख्रिस्ती मत’ म्हणून सहा हजार वर्षे शिकवणे हे विज्ञानाच्या दृष्टीने चुकीचे आहेच, ख्रिस्ती परंपरेच्या दृष्टीनेही अपुरे आहे.

आता काकांकडे वळतो. दिवस म्हणजे युग हे स्पष्टीकरण ऐकायला गोड आहे आणि मी स्वतः तरुणपणी ते दोन वर्षे मोठ्या उत्साहाने शिकवले, हे कबूल करायला हवे. एका मुलाने फळ्यावर दोन्ही क्रम शेजारीशेजारी लिहून दाखवले तेव्हा माझा उत्साह मावळला. उत्पत्तीत फळझाडे तिसऱ्या दिवशी आणि सूर्य चौथ्या दिवशी येतो. पक्षी पाचव्या दिवशी आणि जमिनीवरील प्राणी सहाव्या दिवशी येतात. जीवाश्मांचा पुरावा सांगतो की, पक्षी हे जमिनीवर चालणाऱ्या डायनासोरांच्याच एका शाखेतून आले. मग जुळवाजुळव करणारा शब्दांना पिळू लागतो: सूर्य आधीच होता पण धुक्यामुळे दिसत नव्हता, वगैरे. अशा ओढाताणीत ना शास्त्रवचनाचा मान राहतो ना खडकाचा. आणि समजा आजच्या विज्ञानाशी क्रम नेमका जुळवला, तर पन्नास वर्षांनी विज्ञान पुढे सरकल्यावर काय करायचे?

हा धोका ज्याने सर्वांत स्पष्टपणे ओळखला तो स्वतः धर्मगुरू होता. बेल्जियमचे फादर जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ मध्ये विश्व प्रसरण पावत असल्याचे गणिताने मांडले आणि १९३१ मध्ये त्या विश्वाचा आरंभ एका आदिम अणूपासून झाला असावा असे सुचवले. पुढे ज्याला महास्फोटाचा सिद्धांत म्हणू लागले त्याचा हा उगम. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी एका भाषणात या सिद्धांतात ‘प्रकाश होवो’ या वचनाचा जणू दाखलाच मिळाल्याचा सूर लावला. एखादा दुसरा धर्मगुरू अशा वेळी भरून पावला असता; लमेत्र मात्र अस्वस्थ झाले. आपला सिद्धांत धर्माच्या बाजूचा पुरावाही नाही आणि विरुद्धचाही नाही, तो त्या प्रश्नाच्या बाहेरच आहे, ही त्यांची भूमिका अखेरपर्यंत कायम होती. काकांना ही हकिगत अवश्य सांगा. रागावून सांगू नका, कारण त्यांचा हेतू चांगलाच आहे.

गॅलिलिओचे प्रकरण विसरूनही चालणार नाही. यहोशवाने सूर्याला थांबवले, म्हणजे सूर्यच फिरतो, असे वचनाचे टोक पुढे करून १६३३ मध्ये त्यांना दोषी ठरवले गेले, आणि त्या वेळच्या धर्मपंडितांची चूक झाली हे चर्चने जाहीरपणे मान्य करायला १९९२ उजाडले. त्या पंडितांनीही त्यांच्या काळातील मान्य विज्ञानाशी, म्हणजे पृथ्वी स्थिर मानणाऱ्या जुन्या खगोलशास्त्राशी, शास्त्रवचनाची गाठ मारलेली होती. विज्ञान बदलले आणि गाठ त्यांच्याच गळ्यात राहिली.

मग उत्पत्तीचा पहिला अध्याय सांगतो तरी काय? तो वाचताना त्याच्या शेजारी कोण राहत होते हे लक्षात घ्यावे. इस्राएली लोक बाबिलोनमध्ये बंदिवासात होते, आणि बाबिलोनी लोकांची स्वतःची सृष्टिकथा होती, जिच्या मातीच्या विटा निनवेच्या उत्खननात सापडून १८७६ मध्ये तिचे भाषांतर प्रसिद्ध झाले. त्या कथेत एक देव समुद्ररूपी देवीला ठार करतो आणि तिच्या चिरलेल्या देहापासून आकाश व पृथ्वी बनवतो, आणि देवांचे कष्ट वाचावेत म्हणून मारलेल्या एका देवाच्या रक्तापासून माणसे घडवली जातात. आता उत्पत्ती वाचा. युद्ध नाही, रक्त नाही, देव बोलतो आणि होते. सूर्य व चंद्र यांची नावेसुद्धा घेतलेली नाहीत, त्यांना नुसते मोठी ज्योती आणि लहान ज्योती म्हटले आहे, कारण ती नावे शेजाऱ्यांच्या देवतांची होती. माणूस देवांचा वेठबिगार नसून देवाच्या प्रतिरूपाचा आहे. आणि पुनःपुन्हा ‘चांगले’ हा शब्द येतो, तोही माणूस अवतरण्याच्या कितीतरी आधी. पहिले तीन दिवस जागा तयार होतात, पुढचे तीन दिवस त्या भरतात आणि सातवा विसाव्याचा. ही रचना एखाद्या स्तोत्राची आहे, तिला भूशास्त्राच्या तक्त्यासारखे वाचणे म्हणजे ज्ञानेश्वरांच्या ओवीत हवामानाचा अंदाज शोधण्यासारखे आहे.

ख्रिस्ती धर्मविचारात ‘निर्मिती’ हा शब्द मुळात आरंभाच्या क्षणापुरता नाही, आणि माझ्या अनुभवात सर्वांत जास्त गोंधळ येथेच होतो. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी म्हटले की, विश्व अनादी असते तरी ते निर्मितच ठरले असते, कारण निर्मिती म्हणजे काळातील पहिली घटना नव्हे, तर प्रत्येक वस्तूचे प्रत्येक क्षणी देवावर अवलंबून असणे. मी वर्गात यासाठी गवंडी आणि गवई असे दोन शब्द फळ्यावर लिहितो. गवंडी घर बांधून निघून गेला तरी घर उभे राहते. गवई थांबला की गाणे थांबते. आपण देवाला गवंडी समजून बसलो की, त्याने वीट कधी लावली हे शोधत राहतो, आणि विज्ञानाने एखाद्या विटेचा हिशेब लावला की देवाचे काम तेवढे कमी झाले असे आपल्याला वाटते. गवई मानले तर उत्क्रांती, गुरुत्वाकर्षण, पेशींचे विभाजन हे सगळे त्या गाण्यातील सूर ठरतात. सूर कसे लागतात हे विज्ञानाने सांगावे, आणि गाणे मुळात आहे तरी का, हा प्रश्न धर्माने विचारावा. बिनपुराव्याच्या फटींमध्ये देव बसवणाऱ्या ‘बुद्धिमान आराखडा’ या मताविषयी माझी हरकतही हीच आहे, ते देवाला पुन्हा गवंडी करते.

सगळे प्रश्न सुटले असे मात्र मुलीला भासवू नये. वरळीच्या त्या बेडकांना मरण आले तेव्हा पृथ्वीवर एकही माणूस नव्हता. मग मरण हे आदामाच्या पापामुळे जगात आले, या प्रेषित पौलाच्या वचनाचे काय? अनेक भाष्यकार तेथे मरण म्हणजे माणसाचे देवापासून तुटणे असा अर्थ घेतात, आणि पवित्र शास्त्रातच याला आधार आहे. स्तोत्र १०४ मध्ये तरुण सिंह देवाकडे भक्ष्य मागतात आणि ईयोबाच्या ग्रंथात गरुडाची पिले रक्त पितात, आणि दोन्ही ठिकाणी हे बिघडलेल्या जगाचे वर्णन म्हणून येत नाही. ‘आदाम’ हा हिब्रू शब्द ‘माणूस’ या अर्थाचा आहे आणि मातीला त्या भाषेत ‘अदामा’ म्हणतात, तेव्हा मातीचा माणूस ही त्यातली कोटी मूळ श्रोत्यांना लगेच कळत असे. तरीही कोट्यवधी वर्षांच्या वेदनेतून जीवसृष्टी घडली, आणि तो देव प्रेमळ आहे, हे दोन्ही एकत्र धरणे मला आजही अवघड जाते. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात सगळी सृष्टी कण्हत आहे असे म्हटले आहे, आणि मी तेथपर्यंतच येऊन थांबतो.

श्रद्धा आणि संशोधन एका माणसात नांदू शकतात का, असे मुलीने विचारले, तर मेंडेल यांचे नाव तिच्या त्याच धड्यात आहे. वाटाण्याचे प्रयोग करणारे ते मठवासी होते. मी मात्र महाराष्ट्रातील उदाहरण देतो. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आले. त्यांनी शाळा चालवली आणि उरलेल्या वेळात आसपासच्या खडकांतून वनस्पती, मासे आणि कीटकांचे जीवाश्म गोळा केले, आणि मध्य भारताच्या भूशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते. १८६३ मध्ये टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना नदीच्या पुरात त्यांचा अंत झाला. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे आहे. आमच्या ठाण्याचाही यात थोडा वाटा आहे. १३२१ मध्ये येथे चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, तेव्हा त्यांच्यासोबत आलेले डॉमिनिकन साधू जॉर्डानस यांनी त्यांना सोपाऱ्यात पुरले. याच जॉर्डानस यांनी भारतातील नवलांचे वर्णन लिहून ठेवले, त्यात फणस आहे, आंबा आहे, नारळ आहे. सोबती गमावल्यावरही ज्याला फणसाच्या आकाराचे कौतुक वाटले, तो माणूस मला फार जवळचा वाटतो.

आता मैत्रिणीचा प्रश्न. तिला उडवून लावू नका, कारण हाच आरोप इतिहासकार लिन व्हाइट यांनी १९६७ मध्ये केला आणि त्याने ख्रिस्ती जगात मोठी खळबळ उडाली. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात ‘सत्तेखाली आणणे’ आणि ‘अधिकार चालवणे’ यासाठी आलेले हिब्रू शब्द खरोखर कडक आहेत, त्यांना मवाळ करून सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण ज्या शास्त्रात राजाने सत्ता कशी चालवावी हे सांगितले आहे, त्याच शास्त्रात, स्तोत्र ७२ मध्ये, चांगला राजा दुबळ्याची बाजू घेतो. दुसऱ्या अध्यायात माणसाला बागेत ठेवले जाते ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी, आणि मशागतीसाठीचा हिब्रू शब्द ‘सेवा करणे’ या अर्थानेही येतो. जुन्या करारातील ‘लेवीय’ या पुस्तकात सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवून तिला शब्बाथ, म्हणजे विसावा, द्यायला सांगितले आहे. त्याच करारातील ‘अनुवाद’ या नावाच्या पुस्तकात तर वेढा घातलेल्या शत्रूच्या नगराचीही फळझाडे तोडू नयेत अशी आज्ञा आहे. ‘फलद्रूप व्हा’ हा आशीर्वाद माणसाच्या आधी मासे आणि पक्षी यांना मिळालेला आहे, ही गोष्ट मी वर्गात सांगतो तेव्हा अनेक जुने सभासदही पुस्तक उघडून खात्री करून घेतात.

आपल्या घरापासून जवळच असलेले ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले आणि २०२२ मध्ये ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरले. तेथील तिवरे, निवटी, खेकडे आणि चिखलातील शेवाळ खाऊन गुलाबी झालेले ते पक्षी हे त्या आशीर्वादाचे धनी आहेत. (निवटी पाण्याबाहेर चिखलावर चालते म्हणून ती आपला पूर्वज, असे मुलीने परीक्षेत लिहू नये. तीही आपल्याइतकीच आजच्या काळातली आहे.) मैत्रिणीला प्रामाणिक उत्तर असे आहे की, त्या वचनाचा गैरवापर ख्रिस्ती लोकांनी केला, आणि ते शास्त्र नीट वाचले तर भराव टाकणाऱ्याला त्यातून परवानगी मिळत नाही. ठाण्याच्या जुन्या गावठाणांतील आमचे ईस्ट इंडियन लोक, म्हणजे येथले मूळचे मराठी बोलणारे कॅथलिक, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा साजरा करतात, नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घेतात. आमच्याकडे आता त्या लोंब्या बाहेरगावाहून आणाव्या लागतात, कारण शेते उरली नाहीत. वेदीवरील लोंबी कोणत्या शेतातली, असे एखाद्या मुलाने विचारले तर आमच्यापैकी किती जणांना उत्तर देता येईल?

मुलीने परीक्षेत धड्यात आहे तेच लिहावे, आणि तसे लिहिताना आपण श्रद्धेशी लबाडी करत आहोत असे मनात आणू नये. शिक्षिकेशी वर्गात वाद घालू देऊ नका. आपण स्वतः त्यांना एकांतात भेटा आणि ऑगस्टीन यांचा तो इशारा दाखवा. चर्चचा अधिकार मानणाऱ्या माणसाला माझ्यासारख्या भूशास्त्रज्ञापेक्षा एका संताचे म्हणणे लवकर पटते. त्या नाहीच बदलल्या, तर मुलीला फादरांकडे किंवा पाळकसाहेबांकडे घेऊन जा. रविवारची शाळा मात्र या एका कारणासाठी सोडवू नका.

वाचनाला उत्पत्तीपासून सुरुवात करू नका. तिच्यासोबत आधी स्तोत्र १०४ वाचा, मग ईयोबाचे ३८ ते ४१ हे अध्याय. त्यांत देव दुःखात जाब विचारणाऱ्या ईयोबाच्या एकाही प्रश्नाचे सरळ उत्तर देत नाही, तर त्याला रानगाढव, शहामृग आणि माणसाच्या काहीच उपयोगाचे नसलेले राक्षसी जलचर दाखवत फिरवतो. हिवाळ्यात फ्लेमिंगो आले की, ऐरोलीच्या केंद्रातून सुटणाऱ्या बोटीने मुलीला खाडीत न्या, जमल्यास शिक्षिकेलाही बोलवा. फेऱ्या भरतीच्या वेळेवर ठरतात, तेव्हा रविवारची उपासना आणि बोट यांचे वेळापत्रक आधी जुळवून पाहा.